नाकारलेली सही, मिळवलेल्या सह्या : सातारा प्रकरण आणि मराठी पत्रातील प्रमाणाचा प्रश्न

मराठी पत्रवाङ्मयाचा अभ्यास आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाला आहे. एक अंग इतिहाससाधनांचे. १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' सुरू झाला तेव्हापासून वि. का. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, द. ब. पारसनीस, गो. स. सरदेसाई यांनी पत्रे जमवली, लावली आणि छापली, ती त्यांतून घडलेल्या गोष्टी कळाव्यात म्हणून. दुसरे अंग ललित पत्राचे. तेथे पत्र म्हणजे एका व्यक्तीच्या मनाचा आविष्कार, आणि शेवटची सही म्हणजे त्या व्यक्तीची उपस्थिती, असे गृहीत धरलेले असते. या दोन्ही अंगांच्या मध्ये एक प्रश्न दुर्लक्षित राहिला आहे : पत्र हे अमुक एका माणसाचेच आहे, हे कशाने सिद्ध होते? आजच्या वाचकाला याचे उत्तर 'सहीने' असे सहज सुचते. परंतु जुन्या मराठी पत्राला हे उत्तर लागू पडत नाही. ते कोठे लागू पडत नाही, आणि पडत नसताना लागू केल्याने काय अनर्थ ओढवला, हे पाहण्यासाठी सातारच्या प्रतापसिंह महाराजांचे प्रकरण हा सर्वांत बोलका दाखला आहे. प्रकरण राजकीय म्हणून सर्वपरिचित आहे. येथे त्याचा विचार पत्रांचे प्रकरण म्हणून करावयाचा आहे.

प्रथम मराठी पत्राची घडण ध्यानात घ्यावी. हेमाद्रीच्या नावावर असलेल्या मेस्तकाच्या परंपरेपासून पत्रलेखन ही आपल्याकडे एक शिस्त होती. कोणी कोणास लिहावयाचे त्यावर मायना ठरे. 'राजमान्य राजश्री', 'अखंडित लक्ष्मी अलंकृत', 'तीर्थरूप', 'चिरंजीव' यांपैकी कोणता शब्द योजला आहे, एवढ्यावरून दोघांचे नाते आणि पायरी कळे. लिहिणाराचे नाव पत्राच्या आरंभीच, नमस्काराच्या किंवा आशीर्वादाच्या वाक्यात येऊन जाई. त्यामुळे शेवटी नाव घालण्याचे कारणच उरत नसे. शेवट 'बहुत काय लिहिणे' या ठराविक वळणाने होई आणि राजपत्र असेल तर त्यावर मोर्तब उमटे. माथ्यावरचा शिक्का सांगे की हे कोणाच्या सत्तेने लिहिले. तळचे मोर्तब सांगे की लेखन येथे संपले, याखाली कोणी काही वाढवू नये. मधला मजकूर चिटणिसाच्या किंवा कारकुनाच्या हातचा. मोडी अक्षराला तर चिटणिशी, बिवलकरी अशी वळणे होती; म्हणजे अक्षरदेखील व्यक्तीचे असण्याआधी घराण्याचे आणि फडाचे असे. अर्थात मुख्य पुरुषाचा हात पत्रात मुळीच येत नसे असे नव्हे. जिव्हाळ्याच्या किंवा अतिगुप्त पत्रात तो शेवटी एक-दोन ओळी स्वतः लिही, आणि त्यासाठी 'दस्तुरखुद्द' असा नेमका शब्द आहे. पण दस्तुरखुद्द ओळी हे विश्वासाचे चिन्ह होते. अधिकाराचे चिन्ह शिक्काच होता. पेशव्यांच्या शिक्क्यातही आधी छत्रपतींचे नाव आणि मग प्रधानाचे, हा क्रम शेवटपर्यंत राहिला, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. शिक्का माणसाला त्याच्या वरच्या सत्तेशी जोडतो. सही माणसाला एकटा उभा करते.

गावपातळीवर हेच अधिक उघड दिसते. महजरावर पाटलाच्या नावापुढे नांगर, सुताराच्या नावापुढे वाकस, न्हाव्याच्या नावापुढे आरसा, महाराच्या नावापुढे विळादोर अशा निशाण्या असत. यांना आपण सवयीने 'अडाण्याची सही' म्हणतो, ते चूक आहे. अक्षरओळख असलेला पाटीलही नांगरच काढी, कारण साक्ष द्यावयाची ती त्याच्या वतनाने द्यावयाची असे. पाटील मेला तरी नांगर राहतो आणि पुढल्या पिढीच्या कागदावर तसाच उमटतो.

अशा कागदांच्या जगात १८१९ साली कंपनीचे जग येऊन भिडले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंहांना सातारचे राज्य मिळाले. हा तह ज्यांच्या धोरणातून घडला ते माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले. सातारची प्रत्यक्ष व्यवस्था जेम्स ग्रँट, म्हणजे पुढचे ग्रँट डफ, पाहत होते. त्यांच्यामागून जॉन ब्रिग्ज आले, पुढे रॉबर्टसन, लॉडविक आणि १८३७ मध्ये ओव्हान्स. तहाच्या पाचव्या कलमाने परराज्यांशी पत्रव्यवहार करण्यास महाराजांना बंदी होती. पत्र लिहिणे हाच गुन्हा ठरू शकेल अशी ही तजवीज होती. असा गुन्हा शाबीत करावयाचा तर पत्र कोणाचे हे ठरवावे लागणार, हे तह करणारांच्या ध्यानात आले होते की नाही, कोण जाणे.

१८३६ पासून महाराजांवर तीन आरोप आकारास आले. २३ व्या पलटणीतील देशी अंमलदारांना फितवणे हा पहिला. गोव्याच्या पोर्तुगीज सरकारशी, म्हणजे डॉन मॅन्युएल यांच्याशी गुप्त पत्रव्यवहार हा दुसरा. आणि नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले, जे त्या वेळी जोधपुरास आश्रयाला होते, त्यांच्याशी संधान हा तिसरा. पहिल्या आरोपात तोंडी साक्षींचा भाग मोठा होता. उरलेल्या दोन आरोपांचा जीव मात्र पत्रांतच होता.

येथे दोन प्रमाणपद्धती एकमेकींवर आदळल्या. कागद मराठी, मोडीतले, कारकुनी हातचे, शिक्क्याचे ठसे असलेले. आणि ते तोलणारे अधिकारी अशा परंपरेतले, की जिच्यात पत्र म्हणजे खाली सही करणाराचे शब्द. मराठी पत्रात ज्याच्या नावे पत्र आहे तो, ज्याच्या बुद्धीने ते सुचले तो आणि ज्याच्या हाताने ते लिहिले गेले तो, या तीन निरनिराळ्या व्यक्ती असू शकतात, बहुधा असतच. दप्तराच्या आत ही गोष्ट अडचणीची नसे. दप्तरात आवक-जावक असे, 'सुरू', 'बार', 'रुजू' असे शेरे असत, आगल्या-मागल्या कागदांचा मेळ असे. एखादे पत्र सुटे करून 'हे खरे काय?' असे कोणी विचारीत नसे. 'हे दप्तरात कोठे बसते?' असे विचारीत. दप्तरातून बाहेर काढलेले, मध्यस्थांच्या हातून आलेले सुटे पत्र मात्र निराधार असते. त्यावरचा शिक्का अस्सल की बनावट हे ठरवण्यास दुसरे साधनच उरत नाही. सातारच्या प्रकरणात नेमके असेच कागद पुढे आले, आणि त्यांच्या खरेपणावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाला.

गिरजाबाईंच्या अर्जाचे उदाहरण तर पत्रवाङ्मयाच्या वर्गात आवर्जून सांगावे असे आहे. गोविंदराव दिवाण यांना इंग्रजांनी कैदेत ठेवले असता त्यांच्या मातोश्री गिरजाबाई यांच्या नावाने सरकारकडे एक अर्ज गेला. त्यात महाराजांना दोषी ठरवणारा मजकूर होता, आणि तो पुराव्याच्या साखळीतला महत्त्वाचा दुवा ठरला. पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे या इसमाने तो अर्ज आपण लिहिल्याचे सांगितले. ही माहिती ओव्हान्स यांनी दडपली असा आरोप लंडनमध्ये जाहीरपणे झाला. अर्ज बाईंच्या नावाचा, हात भिड्यांचा. मराठी रिवाजात एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, कारण बाईंनी सांगावे आणि कारकुनाने लिहावे ही रोजचीच रीत होती. बाईंनी तो सांगितला होता काय, हा खरा प्रश्न. पण हा प्रश्न विचारण्यासाठी आधी हे ठाऊक असावे लागते की मराठी पत्रात 'मी' म्हणणारा आणि लिहिणारा एक नसतो. आधुनिक समीक्षेने निवेदक आणि लेखक यांत भेद करावयास शिकवले असे आपण म्हणतो. येथे तो भेद न केल्याने एका दरबाराचे भवितव्य पालटले.

प्रकरणाचा कळस मात्र पत्राने झाला नाही, सहीने झाला. खरे म्हणजे सहीच्या अभावाने. ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे नवे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक साताऱ्यास आले. त्यांनी महाराजांपुढे एक लेख ठेवला. तहाचा भंग आपल्या हातून झाला असे मान्य करून त्यावर सही करावी, म्हणजे गादी राहील, असा प्रस्ताव होता. महाराजांनी सही करण्याचे नाकारले. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले, धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवण्यात आले आणि प्रतापसिंहांची रवानगी काशीस झाली. तेथेच १८४७ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

हा नकार नीतीच्या भाषेत पुष्कळदा गौरवला गेला आहे, आणि तो गौरवास पात्रही आहे. पण लेखनव्यवहाराच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट आहे. कार्नाक यांच्या हाती इतके 'पत्रव्यवहार' होते, शिक्क्यांचे ठसे होते, साक्षी होत्या. तरीही त्यांना महाराजांची सही हवी होती. म्हणजे आधीच्या सर्व कागदांनी जे सिद्ध झाले असे सांगितले जात होते, ते सहीवाचून पुरते सिद्ध होत नाही हे सही मागणारालाच जाणवत होते. आणि महाराजांनीही तिचे मोल अचूक ओळखले. शिक्का चोरता येतो, त्याची नक्कल करता येते, कारकुनाला पैसे देता येतात. पण 'मी केले' असे सांगणारी सही ज्याची त्यालाच द्यावी लागते. ज्या परंपरेत सहीला स्थान नव्हते त्या परंपरेतल्या राजाने सहीची किंमत अशी मोजली की तीपायी राज्य दिले. मराठी लेखनाच्या इतिहासात आधुनिक अर्थाची 'सही' केव्हा अवतरली असे कोणी विचारल्यास, अव्वल इंग्रजीतील छापील पुस्तकांकडे बोट दाखवण्यापेक्षा या न केलेल्या सहीकडे दाखवणे अधिक योग्य ठरेल.

यापुढचा भाग रंगो बापूजींचा. रोहिडखोऱ्याचे दादाजी नरसप्रभू यांच्या घराण्यातला, म्हणजे पिढीजात वतनी कागदांत वाढलेला हा गृहस्थ महाराजांचा वकील म्हणून विलायतेस गेला, आणि १८५३ च्या अखेरीपर्यंत, तेरा-चौदा वर्षे, लंडनमध्ये राहून दाद मागत राहिला. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात ही कहाणी आवेशाने सांगितली आहे. तो आवेश बाजूस ठेवून पाहिले तर या वकिलाने आपल्या कामाची पद्धत किती पालटली हे लक्षात येते. मराठी वकिली म्हणजे दरबारात हजर राहणे, कानोसा घेणे आणि धन्याला सविस्तर बातमीपत्रे पाठवणे. लंडनमध्ये असा दरबार नव्हता. होते ते कंपनीच्या भागधारकांचे सभागृह, पार्लमेंट, छापखाने आणि वर्तमानपत्रे. तेथे शिक्क्याला कोणी विचारीत नव्हते. तेथे प्रतिष्ठित माणसाने स्वतःच्या नावानिशी काय म्हटले आहे, एवढेच चालत होते. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन यांच्यासारखे सार्वजनिक पुढारी या पक्षाला मिळाले, पण त्यांचे म्हणणे ऐकीव होते. सातारा प्रत्यक्ष पाहिलेली, महाराजांशी बोललेली, दप्तर हाताळलेली माणसे हवी होती. ती कोण? निवृत्त होऊन मायदेशी परतलेले रेसिडेंट.

जनरल ब्रिग्ज यांचे नाव यात अग्रभागी येते. फेरिश्त्याच्या इतिहासाचे भाषांतरकार म्हणून ते अभ्यासकांना ठाऊक आहेत. एकेकाळी सातारचे रेसिडेंट असलेले ब्रिग्ज कंपनीचे भागधारक या नात्याने सभेत महाराजांच्या बाजूने उभे राहिले. लॉडविक यांची भूमिका अधिक गुंतागुंतीची आहे. चौकशीच्या आरंभकाळात तेच साताऱ्यास रेसिडेंट होते. मायदेशी परतल्यावर त्यांनीच त्या चौकशीविरुद्ध आवाज उठवला. माणूस तोच, प्रकरण तेच. मधल्या काळात फक्त अधिकारपद गेले होते.

या 'फक्त' शब्दातच निवृत्ताच्या साक्षीचे सामर्थ्य आणि दुबळेपण दोन्ही सामावलेले आहे. पदावर असताना अधिकारी जे लिहितो ते पद लिहिते. त्याची सही म्हणजे एका अर्थी इंग्रजी शिक्काच; तिच्यामागे गव्हर्नर, त्यांच्यामागे संचालक मंडळ. निवृत्त झाल्यावर तोच माणूस तीच अक्षरे काढतो, पण आता ती केवळ त्याची असतात. म्हणून ती विश्वसनीय, आणि म्हणूनच निरुपयोगी. रंगो बापूजींनी इंग्रजी रीत चांगली आत्मसात केली, विश्वसनीय माणसांची नावे आपल्या बाजूस मिळवली; मात्र त्या रीतीतही अंती पदच बोलते, व्यक्ती नव्हे, हे कटू सत्य त्यांना लंडनमध्येच कळले असावे. शहाजी महाराज एप्रिल १८४८ मध्ये निपुत्रिक वारले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लर्क यांनी राज्य खालसा करण्याविरुद्ध मत दिले. ते तर त्या वेळी पदावर होते! तरीही त्यांच्या जागी फॉकलंड आले आणि डलहौसींचा निर्णय कायम झाला. पदावरच्या माणसाची सहीदेखील वरच्या पदाच्या सहीपुढे नुसता कागद ठरते, हे शिक्क्याच्या जगात वाढलेल्या माणसाला नवे नव्हते.

एल्फिन्स्टन त्या वेळी सरेमध्ये निवृत्त जीवन जगत होते. नागपूर आणि पुणे येथील रेसिडेंट, काबूलचे वकील, मुंबईचे गव्हर्नर असे सर्व मान भोगून, पुढे देऊ केलेले गव्हर्नर-जनरलपद नाकारून ते ग्रंथांत रमले होते. सातारा खालसा करण्याविषयी त्यांना वाटलेली तीव्र नापसंती त्यांचे चरित्रकार कोलब्रुक यांनी नोंदवली आहे. १८१९ चा तह ज्यांनी घडवला त्यांचेच हे मत. पण ते खाजगी राहिले आणि चरित्रातून लोकांपुढे आले १८८४ मध्ये, तहाला पासष्ट वर्षे झाल्यावर.

निवृत्तांच्या सह्यांना राज्यकारभारात असे मोल नव्हते. त्याच काळी इंग्लंडात सह्यांना निराळेच मोल येऊ लागले होते. विल्यम अपकॉट, डॉसन टर्नर यांच्यासारख्या संग्राहकांनी थोरामोठ्यांची स्वाक्षरीयुक्त पत्रे हजारोंनी जमवली. पार्लमेंटच्या सभासदांना टपाल माफ असे; त्यासाठी ते पाकिटावर सही करीत. १८४० मध्ये ही सवलत बंद झाली, आणि अशा पाकिटांवरील सह्या कापून वह्यांत चिकटवणे हा शौकच होऊन बसला. मजकूर टाकून द्यावयाचा आणि सही ठेवावयाची! आपल्याकडे हा छंद विसाव्या शतकात स्वाक्षरीच्या वहीच्या रूपाने आला. गांधीजींनी तर स्वाक्षरीचे पाच रुपये हरिजन निधीसाठी घेऊन तिला पुन्हा कामाला लावले. संग्राहकाला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. त्याच्यामुळे पुष्कळ कागद रद्दीत जाण्यापासून वाचले. पण तो पत्राला त्याच्या दप्तरातून उचलतो, आणि दप्तरातून उचललेले पत्र काय करू शकते हे सातारच्या चौकशीत दिसलेच आहे.

मराठी संग्राहकांत पारसनिसांकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. राजवाडे मजकुराच्या शोधात गावोगाव पायपीट करीत. पत्र कोणत्या घरी, कोणत्या अवस्थेत सापडले याची हकीकत ते प्रस्तावनांत रंगवून सांगतात, आणि ती हकीकत हीच त्यांची प्रमाणपद्धती आहे. पारसनिसांची दृष्टी रसिक संग्राहकाची होती. चित्रे, नकाशे, दुर्मीळ ग्रंथ, अस्सल पत्रे यांचे त्यांना सारखेच प्रेम. मेणवलीच्या नाना फडणिसांच्या दप्तरातील कागद त्यांच्या हाती आले. त्यांचा सातारचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. या दोन वृत्तींत डावे-उजवे करणे सोपे नाही. तरी विद्यार्थ्याने पत्र हाती घेताना प्रथम राजवाड्यांचा प्रश्न विचारावा. अक्षराच्या सौंदर्याकडे मग वळावे.

तिसऱ्या आरोपातील आप्पासाहेब भोसल्यांच्या नावाने हा विषय विदर्भाशी जोडला जातो. आप्पासाहेबांच्या पदच्युतीपर्यंतचा नागपूरचा इंग्रजी पत्रव्यवहार 'पुणे रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स' या मालेतील नागपूरविषयक खंडात मिळतो. त्याचे संपादन 'वऱ्हाडचा इतिहास' लिहिणारे या. मा. काळे यांनी केले आहे. तो वाचताना एल्फिन्स्टन पुन्हा भेटतात. २९ नोव्हेंबर १८०३ ची अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगडचा पाडाव आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह या सर्व घडामोडींत ते आर्थर वेलस्ली यांच्यासोबत होते, आणि लगेच रेसिडेंट म्हणून नागपुरास गेले. त्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला आणि पुढे निजामाकडे सोपवला गेला. आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा, कामरगाव हा टापू त्यातच आला. भोसल्यांच्या वतीने तह ठरवणारे वकील यशवंतराव रामचंद्र. रंगो बापूजींप्रमाणेच हाही दुसऱ्याच्या नावाने बोलणारा माणूस. मात्र वेलस्लींची पत्रे खंडोखंडी छापली गेली, त्यांच्या सह्या संग्राहकांनी जपल्या. यशवंतरावांच्या हातच्या कागदाकडे कोणा संग्राहकाने त्या दृष्टीने पाहिले नाही.

कामरगावच्या किंवा वऱ्हाडातल्या दुसऱ्या एखाद्या गावच्या विद्यार्थ्याला आपल्या मुलखाच्या त्या वर्षाविषयी काही शोधावयाचे असेल, तर त्याला एका बाजूस वेलस्ली-एल्फिन्स्टन यांचे सहीनिशी लिहिलेले, उत्तम छापलेले इंग्रजी शब्द मिळतील. एल्फिन्स्टन यांची मूळ कागदपत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दुसऱ्या बाजूस देशमुख-देशपांडे, पाटील-कुळकर्णी यांच्या घरांतले मोडी कागद : सही नसलेले, कोणाच्या हातचे ते न सांगणारे, नांगराच्या निशाणीचे. हे कागद विकत घेणारा संग्राहक सहसा येत नाही, कारण त्यांवर विकण्याजोगे नाव नसते. याचा एक लाभ असा की ते अजून पुष्कळ ठिकाणी आपल्या रुमालात, आगल्या-मागल्या कागदांच्या सोबतीने बांधलेले असू शकतात. असा रुमाल हाती आल्यास त्यातले एकही पान सुटे करण्यापूर्वी कागदांचा क्रम, गाठ, पाठीवरचे शेरे आणि रुमाल ज्या घरी मिळाला त्या घराचे वतन ही नोंद आधी करावी. मजकुराचे वाचन त्यानंतर.